रोज वापरायच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी नीलम: आधी हात, मग कोंदण, मग खडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन नीलम समोर ठेवलेत. पहिला १.६ कॅरटचा, अंडाकृती, गडद निळा, तापवलेला (म्हणजे रंग खुलवण्यासाठी उष्णता दिलेला). दुसरा १.३ कॅरटचा, तोही अंडाकृती, उजळ निळा, न तापवलेला, प्रयोगशाळेच्या अहवालात उगम श्रीलंका. दोघांची किंमत जवळपास सारखी. होणारी बायको रुग्णालयात काम करते, दिवसातून कितीतरी वेळा हातमोजे चढवते-उतरवते, आणि अंगठी तिला रोज घालायची आहे. यातला कुठला घ्यावा?

तुम्ही दोन खड्यांची तुलना मोठा विरुद्ध छोटा, तापवलेला विरुद्ध न तापवलेला अशी मांडली आहे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती तुमची शेवटची ओळ: हातमोजे आणि रोजचा वापर. तिथून सुरुवात केली तर कोंदण कसं हवं ते ठरतं, कोंदणावरून खडा किती खोल आणि किती गडद चालेल ते ठरतं, आणि मग कागदावरच्या गोष्टींना त्यांची खरी जागा मिळते. बहुतेक लोक उलट्या बाजूने येतात. आधी अहवाल, मग खडा, आणि कोंदण शेवटी उरलेल्या पैशात. मग सुंदर खडा उंच कोंदणात बसतो, महिन्याभरात सगळीकडे अडकायला लागतो आणि कपाटात जातो.

खडे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हाच घ्या असं सांगणार नाही. पण तुम्हाला स्वतःला निकाल लावता येईल अशा तपासण्या सांगतो. त्यांना सुटा खडा, मिलिमीटर मोजायची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छापील कागद आणि दुकानाबाहेरचा उजेड एवढंच लागतं. खडा कोंदणात बसवण्याआधीच हे करा.

पहिली गोष्ट, तिच्या रुग्णालयाचा नियम विचारून घ्या. रुग्णांना हात लावण्याच्या कामात अनेक ठिकाणी खड्याची अंगठी चालत नाही, फार तर साधा सपाट छल्ला चालतो. तसं असेल तर ही अंगठी कामाच्या आधी काढून ठेवली जाणार आणि नंतर घातली जाणार. मग सर्वात मोठा धोका खडा फुटण्याचा नाही, अंगठी कुठेतरी राहून जाण्याचा आहे. अशा वेळी कामासाठी एक साधा छल्ला आणि नीलम इतर वेळी, हा मार्ग जास्त शहाणपणाचा. नियम आड येत नसेल तर पुढचं सगळं लागू होतं.

हातमोज्यांखाली घालायच्या अंगठीला खालच्या उंचीचं बंद कोंदण हवं, म्हणजे खड्याच्या कडेभोवती धातूची सलग पट्टी. चार टोकदार नख्यांचं उंच कोंदण मोजे फाडतं, आणि मोजा ओढून काढताना प्रत्येक वेळी नखीचं टोक थोडं थोडं उचललं जातं. नखी एकदम तुटत नाही. आधी सैल होते, खडा हलकासा खुळखुळतो आणि मग एक दिवस जागा रिकामी दिसते. नख्याच हव्या असतील तर सहा घ्या, टोकं गोल आणि खड्यावर सपाट बसलेली असू द्या. पण या कामासाठी मी बंद कोंदणच सुचवेन.

आता बंद कोंदणाचे खड्यावर दोन परिणाम होतात, आणि तुमच्या दोन खड्यांचा निर्णय इथेच बराचसा लागतो.

एक, उंचीचा. खड्याचं खालचं टोक बोटाला टेकून चालत नाही, त्यामुळे अंगठीची उंची खड्याच्या खोलीपेक्षा कमी होऊच शकत नाही. चार मिलिमीटर खोल खडा बोटापासून साधारण पाच मिलिमीटर उंचीवर बसवता येतो. साडेपाच मिलिमीटर खोल खड्याला कारागीर कितीही चांगला असला तरी तो उंचच बसणार. म्हणून विक्रेत्याला कॅरट विचारण्याआधी लांबी, रुंदी आणि खोली विचारा.

नीलमात पोट ठेवण्याची सवय फार आहे. कच्च्या खड्याचं वजन वाचवायला पैलू पाडणारा खालचा भाग फुगीर ठेवतो. ते वजन वरून दिसत नाही, पण तुम्ही पैसे कॅरटप्रमाणे देता. हे ओळखायला एक साधा हिशेब आहे. अंडाकृती नीलमासाठी लांबी आणि रुंदीची सरासरी काढा, तिचा वर्ग करा, त्याला खोलीने गुणा, मग ४ ने (ही नीलमाची घनता) आणि शेवटी ०.००२ ने. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर कॅरटमध्ये येतं. उदाहरणार्थ ८ बाय ६ चा, ४ मिलिमीटर खोल खडा: सरासरी ७, वर्ग ४९, गुणिले ४, गुणिले ४, गुणिले ०.००२ म्हणजे सुमारे १.५७ कॅरट. तुमचा पहिला खडा १.६ कॅरटचा आहे. त्याची मापं याच्या आसपास असतील तर तो ठीक घडवलेला आहे. मापं ७ बाय ५.५ आणि खोली ५ च्या वर निघाली तर त्याचं वजन पोटात आहे, आणि वरून तो तुमच्या १.३ कॅरटच्या खड्याएवढाच दिसेल. प्रत्यक्ष वजन हिशेबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरत असेल तर फुगवटा नक्की आहे असं समजा. खोली रुंदीच्या ६० ते ७५ टक्के असली की मी समाधानी असतो. ८० च्या पुढे असेल तर तो खडा या अंगठीसाठी नको.

हिरा पाहून आकाराची कल्पना केली असेल तर तीही सुधारा. हिऱ्याची घनता ३.५२, नीलमाची ४. म्हणून एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा दिसतो आणि एक कॅरटचा गोल नीलम साधारण ६ चा.

बंद कोंदणाचा दुसरा परिणाम उजेडाचा. धातूची पट्टी बाजूने येणारा प्रकाश अडवते, त्यामुळे बसवल्यावर खडा थोडा गडद दिसतो. उजळ खड्याला याचा फायदा होतो, रंग भरल्यासारखा वाटतो. आधीच गडद असलेला खडा मात्र काळ्याकडे झुकतो. सुटा असताना जेमतेम पुरेसा उजळ वाटणारा नीलम बंद कोंदणात निराश करतो. म्हणून गडद खड्याची परीक्षा जास्त कडक घ्या.

ती परीक्षा दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. वरून येणारे झगझगीत, एका ठिपक्यातून पडणारे दिवे कुठल्याही गडद खड्यात निळ्या ठिणग्या दाखवतात. खडा सावलीतल्या दिवसाच्या उजेडात न्या, मग घरात असतो तशा पिवळसर दिव्याखाली बघा आणि शेवटी ढगाळ उजेडात किंवा खोलीच्या मधोमध, जिथे उजेड कमी असतो. प्रत्येक ठिकाणी तो बोटांच्या बेचक्यात धरा आणि हात पूर्ण लांब करून बघा. अंगठी लोक एवढ्याच अंतरावरून पाहतात. कमी उजेडात तो निळा राहिला तर चांगला. काळा झाला तर तो वर्षातले बरेच दिवस काळाच दिसणार आहे, अहवालात निळ्याला कितीही सुंदर विशेषण दिलेलं असलं तरी.

नीलमाचा निळा रंग लोह आणि टायटॅनियम यांच्या जोडीतून येतो. लोह जास्त झालं की रंग जड होतो, शाईसारखा. शिवाय नीलम दोन दिशांनी दोन रंग दाखवतो: एका दिशेने जांभळट निळा, दुसऱ्या दिशेने हिरवट निळा. पैलू पाडणाऱ्याने दिशा नीट निवडली असेल तर समोरून जांभळट निळा येतो. वजन वाचवण्यासाठी आडवी दिशा घेतली असेल तर हिरवट झाक येते. ती आवडत असेल तर हरकत नाही, पण पिवळ्या दिव्याखाली ती वाढते का ते बघा. राखाडी झाक मात्र मला कधीच पटलेली नाही. ती रंगातला जीव काढून घेते, आणि पांढऱ्या कागदावर ठेवला की लगेच कळते.

आता उजळ खड्याची परीक्षा. त्याचा दोष वेगळा असतो: खिडकी. खालचे पैलू फार उथळ कोनात पाडले की वरून शिरलेला प्रकाश परत फिरत नाही, सरळ खाली निघून जातो. खड्याच्या मधोमध फिका, पारदर्शक डाग दिसतो आणि अंगठीत त्यातून बोटाची कातडी दिसते. नीलमासाठी ही मर्यादा ३४.५ अंशांच्या आसपास आहे. प्रकाश खालच्या पैलूवर, पैलूच्या लंबापासून मोजता, याहून कमी कोनात पडला की तो बाहेर निसटतो. तपासणी सोपी: छापील मजकुरावर खडा ठेवा, वरचा सपाट पैलू तुमच्या डोळ्यासमोर सरळ धरा आणि मधून अक्षरं वाचता येतात का बघा. स्पष्ट वाचता आली तर खिडकी मोठी आहे. मग खडा किंचित कलता करा, साधारण दहा अंश. थोड्याशा कलाने उघडणारी लहान खिडकी अंडाकृती खड्यात बऱ्याचदा असते आणि ती चालते. सरळ पाहतानाच एक तृतीयांश भाग रिकामा दिसत असेल तर तो खडा सोडा, न तापवलेला असला तरी.

खिडकीची आणखी एक बाजू आहे, ती विकत घेताना कोणी सांगत नाही. खड्याच्या मागच्या पैलूंवर हातधुण्याचा साबण, मलम, त्वचेचं तेल यांचा थर बसतो. मागे हवा असताना जो कोन ३४.५ अंश होता, तो तेलाच्या थरामुळे ५५ च्या पुढे जातो, म्हणजे परत फिरणारा बराचसा प्रकाश गळायला लागतो. चांगला घडवलेला खडाही मळका असताना मेलेला दिसतो, खिडकीचा तर पूर्ण पोकळ. रुग्णालयात दिवसभर हात धुणाऱ्या माणसाच्या अंगठीत हा थर लवकर बसतो. म्हणून कोंदण वरून बंद असलं तरी मागून उघडं ठेवायला सांगा, निदान मऊ ब्रश आत जाईल एवढं. मागून पत्रा लावून बंद केलेलं कोंदण नको.

भिंगाखाली काय बघायचं? आतले बारीक धागे, बोटाच्या ठशासारख्या दिसणाऱ्या खुणा, छोटे कण यांना घाबरू नका. नैसर्गिक नीलमात ते असणारच, आणि डोळ्याला दिसत नसतील तर पुरे. अतिसूक्ष्म धाग्यांचा हलका पडदा तर प्रकाश पसरवून रंग मऊ करतो. १८८० च्या दशकात काश्मीरच्या पाडर भागात सापडलेल्या नीलमांची मखमली झाक अशाच सूक्ष्म कणांमुळे आहे. खरी भीती पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरेची, विशेषतः कडेजवळच्या. खडा असा धरा की दिव्याचं प्रतिबिंब पैलूवर पडेल, आणि त्या चकाकीत पैलू ओलांडून जाणारी बारीक रेघ दिसते का ते शोधा. बंद कोंदण बसवताना कारागीर धातूची पट्टी खड्याच्या कडेवर दाबतो. चीर तिथे असेल तर दाब नेमका तिच्यावर येतो. नीलमाचं काठिण्य (मोह्सच्या १ ते १० च्या मापावर) ९ असलं म्हणून खडा फुटत नाही असं नाही. काठिण्य ओरखड्यापासून वाचवतं, धक्क्यापासून नाही.

रंगाचे पट्टेही बघा. पांढऱ्या कागदावर खडा उलटा ठेवला की रंग कुठे साठला आहे ते दिसतं. सरळ किंवा कोनात वळणारे पट्टे नैसर्गिक वाढीचे असतात. रंग फक्त खालच्या टोकाशी असून समोरून पूर्ण खड्यात पसरत असेल तर ते कौशल्याचं काम आहे, दोष नाही. मात्र असा खडा पुढे कधी खालून पुन्हा घासायला देऊ नका, रंगच निघून जाईल. पट्टे वक्राकार असतील आणि सोबत गोल बुडबुडे असतील तर तो ज्योतीत वाढवलेला कृत्रिम नीलम आहे. ही पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नुई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली आणि आजही सर्वात स्वस्त कृत्रिम खडे तिनेच बनतात. कृत्रिम नीलम हाही कुरुंदच, म्हणजे नैसर्गिक नीलम ज्या खनिजाचा असतो तेच. तो कृत्रिम म्हणून, त्या किमतीत विकत घेतला तर त्यात काही वाईट नाही.

आता तापवण्याचं. बाजारातले बहुसंख्य नीलम तापवलेले असतात. उच्च तापमानाला, साधारण १६०० ते १८०० अंश सेल्सिअसला, आतले रुटाइलचे (टायटॅनियम असलेल्या खनिजाचे) धागे विरघळतात, त्यातलं टायटॅनियम स्फटिकात मिसळतं, खडा स्वच्छ होतो आणि निळा वाढतो. हा बदल कायमचा असतो. रोजच्या वापरात तो उतरत नाही, वेगळी काळजीही लागत नाही. न तापवलेला खडा जास्त किमतीचा असतो तो दुर्मीळ म्हणून, तेवढ्यानेच तो जास्त सुंदर ठरत नाही. तुम्हाला ती गोष्ट मनापासून महत्त्वाची असेल तर जरूर पैसे मोजा. पण सारख्या किमतीत दोन खडे आहेत याचा अर्थ असा की दुसऱ्या खड्यातला बराच पैसा दुर्मीळतेला जातोय, आणि रंग-घडण तेवढी चांगली नसण्याची शक्यता आहे. म्हणूनच त्याची खिडकी आधी तपासा म्हणतोय.

तापवण्यापलीकडच्या प्रक्रिया मात्र वेगळ्या. बेरिलियमसोबत तापवून रंग आत खोलवर ढकलतात. कोबाल्टने निळी केलेली काच चिरांमध्ये भरतात. चिरा लपवायलाही काच किंवा इतर द्रव वापरतात. काच भरलेला खडा रोजच्या अंगठीत घालूच नये: दागिन्याचा सांधा जोडतानाची (डाग देतानाची) ज्योत, कारागिराचं आम्ल, इतकंच काय लिंबाचा रससुद्धा ती काच खातो. बेरिलियम भिंगाने ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली रासायनिक चाचणी लागते. विक्रेत्याचं स्वतःचं कार्ड इथे काही कामाचं नाही. जीआयए, एसएसईएफ, ग्युबेलिन, जीआरएस, एजीएल किंवा लोटस जेमॉलॉजी यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवा.

अहवाल वाचताना शब्द नीट बघा. ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे वाक्य एक गोष्ट सांगतं, आणि तापवण्याबद्दल काहीच न लिहिणं वेगळी. दुसऱ्यात चाचणी झालीच नसेल. भरलेल्या चिरांबद्दल स्वतंत्र ओळ असते, ती वगळू नका. मग अहवालावरचं वजन आणि मापं समोरच्या खड्याशी ताडून पाहा, दशांशापर्यंत, आणि अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करा. उगमस्थान हे प्रयोगशाळेचं मत असतं, सूक्ष्म खुणा आणि रसायन पाहून दिलेलं. ‘श्रीलंका’ लिहिलं म्हणून खडा चांगला ठरत नाही, तिथूनही फिके आणि राखाडी खडे निघतात. या आकारात उगमासाठी फार पैसे देऊ नका. बिलावर मात्र ‘नैसर्गिक नीलम, तापवलेला’ किंवा ‘न तापवलेला’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळं सांगितलं तर खडा परत घेतला जाईल हेही.

एवढ्यावरून माझा कल सांगतो. दुसऱ्या खड्याला सरळ पाहताना खिडकी नसेल आणि राखाडी झाक नसेल, तर तुमच्या अंगठीसाठी तोच. कारण बंद कोंदणात त्याचा रंग भरेल आणि तो बहुधा खाली बसेल. पहिला खडा घ्यायचा तर दोन अटी: कमी उजेडात निळा राहायला हवा आणि खोली साडेचार मिलिमीटरच्या आत हवी. दोन्ही खडे नापास झाले तर घाई न करता तिसरा शोधा. उजळ ते मध्यम निळा, तापवलेला, नीट घडवलेला, ७ बाय ५ ते ७.५ बाय ५.५ चा खडा तुमच्याच रकमेत बहुधा मिळेल, आणि हातावर तो या दोघांपेक्षा छान दिसण्याची शक्यता मोठी आहे.

धातूबद्दल फार विचार करू नका. प्लॅटिनम किंवा १८ कॅरट सोनं, दोन्ही चालतं. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा हातमोज्यांच्या घर्षणाने झिजतो आणि पुन्हा चढवावा लागतो, हे लक्षात ठेवा. त्यात निकेल नाही ना ते विचारा, कारण मोज्याखाली ओलसर त्वचेला निकेल लवकर बाधतं. बोटाभोवतीचं कडं खालच्या बाजूला १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. बाजूला बारीक हिरे जडवायचा मोह टाळा. मोज्यात तेच आधी पडतात. ब्लीचच्या पाण्यात अंगठी घालून हात घालू नये, क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंना खातं. अल्कोहोलच्या जंतुनाशकाने नीलमाला काही होत नाही.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या, हात कोमट असताना. सकाळच्या थंड हाताचं माप लहान येतं. अंगठी पुढे लहान-मोठी करायची वेळ आली तर कारागिराला अहवाल दाखवा आणि ज्योत लावण्याआधी खडा काढायला सांगा. काढणं शक्यच नसेल तर निदान खड्यावर बोरॅक्स किंवा बोरिक आम्लाचा लेप नको. हिऱ्याला वाचवायला तो लावतात, पण तापल्यावर तोच लेप नीलमाचा पृष्ठभाग खातो आणि पैलू खरवडल्यासारखे होतात. अंगठी परत आली की खडा भिंगाखाली बघा, कोंदणाची पट्टी सगळीकडे खड्याला चिकटून आहे ना ते तपासा, आणि कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. आवाज आला तर तिथल्या तिथे परत द्या.